हिंवाळ्याच्या तोंडीं फ्यूशियाची निगा

गेल्या ऑक्टोबरच्या आरंभीं आमच्या शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीचें इंग्लंडांतून पत्र आलें. ती लग्नानंतर यॉर्कशायर प्रांतांतील एका लहानशा गांवीं राहते. तिच्या शेजारीं एक वृद्ध बाई एकट्या राहत असत. प्रकृति क्षीण झाल्यामुळें त्यांस सप्टेंबरांत वृद्धाश्रमांत जावें लागलें. जातांना त्यांनीं आपलीं फ्यूशियाचीं दोन झाडें, एक कुंडींतलें व दुसरें दोन घरांमधील कुंपणाशीं जमिनींत लाविलेलें, हिच्या स्वाधीन केलीं, आणि "उन्हाळ्यांत फुलें आलीं म्हणजे मला एक डहाळी आणून दे," एवढेंच सांगितलें. पत्र लिहितेवेळीं कुंडींतील झाडाचीं पानें पिवळीं पडून गळूं लागलीं होतीं. "रोज पाणी घालतें, परवां खतहि घातलें, रात्रीं घरांत आणून उबेला ठेवतें, तरी झाड हातचें जाणार असें दिसतें. आतां आणखी काय करूं?" असा तिचा प्रश्न होता.

आम्हीं तिला उलट टपालीं कळविलें कीं, आणखी कांहीं करूं नकोस. जें करीत आहेस तेंच आधीं थांबीव. हें उत्तर वाचून ती घोटाळ्यांत पडली असावी, म्हणून लगेच दुसऱ्या पत्रांत सर्व कारणें सविस्तर लिहिलीं. तोच मजकूर थोडा वाढवून येथें देत आहों. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांचे भाऊ, बहिणी, मुलगे व मुली आज थंड मुलखांत संसार करीत आहेत. त्यांच्या खिडकींत अशी एखादी कुंडी असण्याचा संभव आहे. शिवाय झाड वाढवावें कसें हें सर्वच सांगतात. झाड निजवावें कसें हें सांगणारे थोडे.

फ्यूशियाचें फूल आमच्या देशावरील मुलांनीं बहुधा पाहिलेलें नसेल. आमच्याकडील एप्रिल-मेची झळ त्यास मुळींच सोसत नाहीं. आपल्या देशांत तें निलगिरीवर, कोडाईकनालास किंवा दार्जिलिंगकडे, थंड हवेच्या बागांतून आढळतें. फूल लांब देठाला उलटें लोंबत असतें, आणि दिसण्यांत थेट कानांतल्या डुलासारखें. बाहेर चार लांबट दलें, बहुधा तांबडीं किंवा पांढरीं, मागें वळलेलीं असतात. आंत चार पाकळ्या, पुष्कळदां जांभळ्या, एकमेकींस बिलगून असतात. आणि त्यांच्यांतून आठ पुंकेसर व त्यांहूनहि लांब एक स्त्रीकेसर खालीं डोकावत असतो. आयर्लंडांतील लोक आपल्या भाषेंत या फुलास "देवाचे अश्रू" म्हणतात. आम्हांस डुलाची उपमा अधिक जुळतीशी वाटते. परंतु त्या देशाच्या पश्चिम भागांत या झुडपांचीं कुंपणेंच्या कुंपणें आहेत आणि पाऊस तर नित्याचा, तेव्हां थेंब ठिबकणाऱ्या त्या फुलांस पाहून तेथील भाविकांस अश्रू आठवले यांत नवल नाहीं.

या झाडाच्या नांवाची कथा मौजेची आहे. शार्ल प्ल्यूमिए नांवाचा एक फ्रेंच संन्यासी वनस्पतिशास्त्राचा मोठा नादी होता. सतराव्या शतकाच्या अखेरीस वेस्ट इंडीजमधील हिस्पॅनिओला बेटांत त्यास हें झुडूप आढळलें. १७०३ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें त्याचें वर्णन केलें, आणि लेओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ त्यास नांव दिलें. फुक्स (१५०१–१५६६) हा ट्यूबिंगेन येथील विद्यापीठांत वैद्यक शिकवीत असे. औषधी वनस्पतींवरील त्याचा सचित्र ग्रंथ १५४२ सालीं प्रसिद्ध झाला. नांव देणारा रोमन कॅथलिक संन्यासी, आणि ज्याचें नांव दिलें तो लूथरच्या पक्षाचा! विद्येच्या अंगणांत तो भेद त्या साधूनें मानला नाहीं. फुक्सच्या नांवावरून खरा उच्चार "फुक्सिया" असा व्हावयाचा. पण इंग्रजांच्या तोंडीं त्याचें फ्यूशिया झालें, आणि आम्हींहि तेंच पत्करलें आहे. बिचाऱ्या फुक्सनें मात्र हें फूल जन्मांत पाहिलें नव्हतें.

इंग्लंडांत हें झाड अठराव्या शतकाच्या शेवटीं आलें. त्याविषयीं तेथील माळ्यांत एक आख्यायिका आहे. लंडनजवळ हॅमरस्मिथ येथें जेम्स ली नांवाचा रोपवाटिकेचा मालक होता. वॉपिंगच्या बंदराकडील एका खलाशाच्या घरच्या खिडकींत एक अपूर्व फूल लोंबत आहे, असें त्यास कोणी सांगितलें. तो तडक तेथें गेला. घरधनीण झाड देईना. तें तिच्या माणसानें दूरदेशाहून आणलेलें होतें. शेवटीं आठ गिनी रोख व पुढें तयार होणाऱ्या रोपांपैकीं पहिलीं दोन, या बोलीवर तिनें तें दिलें. लीनें त्याचीं छाट कलमें करकरून पुढल्या हंगामापर्यंत तीनशें रोपें केलीं आणि एकेक गिनीस विकलीं. ही कथा जशीच्या तशी खरी असेल असें आम्ही म्हणत नाहीं, कारण १७८८ सालीं क्यू येथील राजोद्यानांतहि हें झाड पोंचल्याची नोंद आहे. परंतु एका झाडाचीं कलमें करून ठेवण्यांत किती सुरक्षितता आहे, हें तींत चांगलें दिसतें. त्याचा उपयोग पुढें येईल.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. फ्यूशियाच्या सुमारें ११० जाती आहेत. त्यांतील बहुतेक दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या उतारांवर धुक्यांत व ओलाव्यांत वाढतात; थोड्या मेक्सिकोकडे व वेस्ट इंडीजमध्यें, आणि थोड्या पार न्यूझीलंडांत आहेत. न्यूझीलंडांतील एका जातीचा तर चांगला वृक्ष होतो. ज्या डोंगरउतारांवर हीं झाडें जन्मलीं तेथें ना कडक उन्हाळा, ना गोठविणारी थंडी. तेव्हां बहुतेक जातींस दंव गोठणें ठाऊकच नाहीं. याला मोठा अपवाद मॅजेलॅनिका ही जात. ती चिली व आर्जेंटिना यांच्या दक्षिण टोंकाकडील थंड प्रदेशांतून आलेली असल्यामुळें पुष्कळच काटक असते. आयर्लंडांतील कुंपणें हिचीं व हिच्या संततीचीं. म्हणून हिंवाळ्यापूर्वीं पहिला प्रश्न हाच विचारावा कीं, आपलें झाड काटक कीं नाजूक? पानें व फुलें लहान, फांद्या सडपातळ व लांकडासारख्या, आणि झाड वर्षानुवर्षें जमिनींत उभें असेल, तर तें काटक समजावें. मोठाल्या, घागऱ्यासारख्या भरगच्च फुलांचें, टांगत्या परडींत किंवा कुंडींत वाढणारें झाड नाजूक समजणें बरें. आमच्या विद्यार्थिनीकडे दोन्हींचा एकेक नमुना आला होता, आणि ती दोघांसहि एकच औषध देत होती.

दंव गोठलें म्हणजे झाडास नेमकें काय होतें? पानांतील पेशी पाण्यानें भरलेल्या असतात. कडक थंडींत प्रथम पेशींच्या बाहेरचें, त्यांच्यामधील फटींतलें पाणी गोठतें. तो बर्फ पेशींतील पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी आंतून कोरड्या पडतात, त्यांचीं पातळ आवरणें फाटतात, आणि सकाळीं ऊन लागून बर्फ वितळला म्हणजे पान शिजवलेल्या भाजीसारखें लुळें व काळें पडतें. कोंवळ्या फुटव्यांत पाणी फार, म्हणून तो आधीं मरतो. पिकलेल्या, लांकूड झालेल्या फांदींत पाणी कमी व साखर अधिक असते. साखर किंवा मीठ विरघळलेलें पाणी साध्या पाण्यापेक्षां अधिक थंडी झाल्यावांचून गोठत नाहीं, हें आइस्क्रीमच्या भांड्याभोंवतीं मीठ घातलेला बर्फ ज्यांनीं पाहिला आहे त्या मुलांस सांगावयास नको. यावरून हिंवाळ्यापूर्वींच्या सर्व कामाचें मर्म कळेल. झाडाचा कोंवळेपणा जाऊं द्यावयाचा, फांद्या पिकूं द्यावयाच्या, आणि वाढ थांबवावयाची. अशा वेळीं खत व रोज पाणी घालणें म्हणजे निजावयास निघालेल्या मुलास जेवावयास बसविण्यासारखें होय.

आमच्या फळबागवाल्यांस ही गोष्ट नवी नाहीं. संत्र्याच्या व डाळिंबाच्या बागेस बहर धरण्यापूर्वीं ते कांहीं आठवडे पाणी तोडतात. त्यास "ताण देणें" म्हणतात. पानें मलूल होतात, कांहीं गळतात, आणि नवखा मनुष्य हळहळतो. पण बागवान स्वस्थ बसतो. हेतु दोहोंचा निराळा आहे. आमचा बागवान फुलांकरितां ताण देतो, फ्यूशियावाला झाड जगावें म्हणून देतो. शिवाय फ्यूशियाची माती ठणठणीत कोरडी कधींच होऊं द्यावयाची नसते. तथापि वाढ रोखून झाडास विसांवा द्यावयाचा, ही विद्या एकच.

तेव्हां ऑगस्ट संपतां संपतां पाला वाढविणारें नत्राचें खत बंद करावें. पालाशयुक्त खत थोडें दिल्यास फांद्या पिकण्यास मदत होते. शेंडे खुडणेंहि थांबवावें, कारण खुडलेल्या जागीं पुन्हां कोंवळे फुटवे येतात. सप्टेंबरपासून पाणी हळूं हळूं कमी करावें. दिवस आंखूड होऊं लागले कीं पानें पिवळीं पडून गळतात. ही झाडाची निजण्याची तयारी आहे, आजार नव्हे. आमच्या विद्यार्थिनीस भय वाटलें तें याच गोष्टीचें.

याच सुमारास, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, छाट कलमें करून ठेवावीं. कळी नसलेल्या फांदीचा तीन-चार इंच लांबीचा शेंडा पेऱ्याखालीं कापावा, खालचीं पानें काढावीं, आणि वाळू मिसळलेल्या हलक्या मातींत खोंचून सावलींत ओलसर ठेवावा. तीन-चार आठवड्यांत मुळें फुटतात. हीं बाळरोपें मात्र निजवूं नयेत. त्यांच्या अंगीं सांठा नसतो. तीं थंड पण उजेडाच्या खिडकींत, पानांसकट, बेताच्या पाण्यावर हिंवाळा काढतात. थोरलें झाड दगावलेंच तर वंश राहतो. आमच्या विद्यार्थिनीच्या हातीं झाड आलें तेव्हां ही वेळ बहुतेक टळली होती. तरी दोन तुकडे लावून पाहा, असें आम्हीं लिहिलें.

कुंडींतील नाजूक झाड पहिलें कडक दंव पडण्यापूर्वीं आंत घ्यावें. इंग्लंडाच्या दक्षिणेस तें पुष्कळदां ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरांत पडतें, उत्तरेकडे व स्कॉटलंडांत त्याहून आधीं. कांहीं जुने माळी एक हलकें दंव मुद्दाम लागूं देतात. त्यानें पानें आपोआप झडतात असें त्यांचें म्हणणें. हलकें दंव कोणतें व भारी कोणतें हें सकाळीं कळतें, रात्रीं कळत नाहीं. सबब नवशिक्यानें या वाटेस जाऊं नये. आंत नेण्यापूर्वीं फांद्या सुमारें अर्ध्या छाटाव्या, राहिलेलीं पानें व कळ्या हातानें काढून टाकाव्या, आणि कुंडींत पडलेला पाचोळा वेंचून घ्यावा. ओलसर, बंद जागेंत हाच पाचोळा राखी बुरशीचें माहेर होतो. पानाच्या मागें नारिंगी भुकटी दिसल्यास तो तांबेरा जाणावा. तीं पानें जाळून टाकावीं किंवा कचऱ्यांत द्यावीं, खताच्या खड्ड्यांत घालूं नयेत. झाड कुंडींत डगमगत असेल तर मातीचा गोळा काढून पाहावा. सोंड्या जातीच्या एका भुंग्याच्या पांढऱ्या, वांकड्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या तेथें मुळें खात बसलेल्या असतात. त्या वेंचून मातीच बदलावी.

ठेवावें कोठें? जेथें पाणी गोठत नाहीं, पण ऊबहि नाहीं अशा जागीं. तळघर, मोटार ठेवण्याची खोली, बागेंतील लांकडी खोपट यांपैकीं कोणतीहि चालते. ४ ते ७ अंश सेल्सियस उष्णमान उत्तम. पानें काढलेल्या, निजलेल्या झाडास उजेडाचीहि फारशी गरज नसते. दिवाणखान्यांतील ऊब त्यास घातक होय. तेथें तें भर हिंवाळ्यांत जागें होऊन फिकट, लांबलचक, दोऱ्यासारखे कोंब काढतें आणि वसंत येण्यापूर्वींच अंगांतला सांठा संपवून बसतें. हिस्पॅनिओलाकडील, प्ल्यूमिएनें पाहिलेल्या जातीचीं झाडें तेवढीं अधिक नाजूक; "थॅलिया" वगैरे तीं लांबट नळीच्या फुलांचीं झाडें सुमारें १० अंशांवर, उजेडांत ठेवावीं लागतात.

पाण्याविषयीं मात्र आम्ही जरा अधिक लिहूं, कारण बरींचशीं झाडें थंडीनें न मरतां यांतच मरतात. निजलेल्या झाडास पान नाहीं, म्हणून तें पाणी ओढीत नाहीं. ओल्या मातींत मुळें कुजतात. उलटपक्षीं, एकदां खोपटांत ठेवलें आणि नाताळ, नवें वर्ष उलटलें तरी कोणी पाहिलेंच नाहीं, तर माती भुकटीसारखी होऊन बारीक मुळें वाळतात, आणि मार्चमध्यें हातीं काटकी येते. तीन-चार आठवड्यांनीं एकदां बोट मातींत घालून पाहावें. बोटास किंचित् गारवा लागला तर परत जावें. कोरडी धूळ लागली तर पेलाभर पाणी द्यावें. एवढेंच. दारावर तारखा लिहिलेला कागद लावून ठेवल्यास विसर पडत नाहीं.

ज्यांच्याजवळ आंत जागा नाहीं त्यांच्यासाठीं जुन्या माळ्यांची एक युक्ति आहे. पाणी न सांचणाऱ्या जागीं हात-सव्वा हात खोल चर खणावा, तळाशीं वाळलेलें गवत पसरावें, छाटलेलीं झाडें आडवीं निजवावीं, वर पुन्हां गवत व माती लोटावी, आणि जागेवर खूण म्हणून खुंटी ठोंकावी. मार्च-एप्रिलमध्यें तीं उकरून काढतात. जमिनीच्या पोटांतील ऊब त्यांस राखते. खुंटी मात्र विसरूं नये.

जमिनींतील काटक झाडाचा प्रकार निराळा. त्यास उपटावयाचें नाहीं, छाटावयाचेंहि नाहीं. वाळलेल्या फांद्या वसंतापर्यंत तशाच ठेवाव्या. त्या बुंध्यास थोडा आडोसा देतात. बुंध्याभोंवतीं पालापाचोळ्याचें खत किंवा नेच्याचीं वाळलेलीं पानें वीतभर जाड पसरावीं. झाड नवें लावतांना आधींपासूनच फांद्यांचा मूळचा भाग दोन इंच मातीखालीं जाईल असें खोल लावतात तें यासाठींच. वरचें सगळें जळालें तरी जमिनीखालचे डोळे शाबूत राहतात. याला एकच अपवाद आहे. एका खोडावर छत्रीसारखें वाढविलेलें झाड, मग तें काटक जातीचें कां असेना, बाहेर ठेवूं नये. त्याचें खोड मेलें म्हणजे बुंध्याशीं फूट आली तरी छत्री गेलीच, आणि ती पुन्हां करण्यास दोन-तीन वर्षें लागतात.

येथें आम्हांस आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं आम्ही कांहीं काळ निलगिरीवर राहिलों होतों. डिसेंबर-जानेवारींत तेथें रात्रीं दंव गोठतें आणि दिवसां लख्ख ऊन पडतें. बिऱ्हाडाच्या पायरीशीं एक फ्यूशिया होती; आम्ही तिच्यावर फार माया करीत असूं. जानेवारींतील एका सकाळीं पाहतों तों झाड काळें ठिक्कर. चार दिवस पाणी घालून पाहिलें, पांचव्या दिवशीं तें मेलें असें ठरवून उपटलें आणि कुंपणापलीकडे टाकलें. तेथील माळ्यानें एक शब्दहि न बोलतां तें उचललें, काळ्या फांद्या जमिनीसरशा कापल्या, आणि आपल्या झोंपडीमागें लाविलें. त्याच्या हातांत असतांना आम्हीं बुंध्याशीं पाहिलें, तों तांदळाएवढे दोन पांढरे कोंब होते. मे महिन्यांत आम्ही तें गांव सोडलें तेव्हां त्या झोंपडीमागें फुलें लोंबत होतीं. आम्हीं तें झाड परत मागितलें नाहीं.

म्हणून मेलें कीं जिवंत, याचा निवाडा डोळ्यांनीं करूं नये, नखानें करावा. मार्चमध्यें फांदीची साल नखानें किंचित् खरवडावी. आंत तपकिरी व कोरडें दिसलें तर थोडें खालीं खरवडावें. हिरवें व ओलसर दिसेपर्यंत खालीं खालीं जावें. जेथें हिरवें लागेल त्याच्या जरा वर, निरोगी डोळ्यापाशीं फांदी कापावी. शरदांत अर्धीच छाटणी करण्याचें कारण हेंच. वरचा भाग हिंवाळ्यांत थोडाफार वाळतोच. मग झाड उजेडांत आणून, वर कोमट पाण्याचा शिडकावा देऊन, डोळे फुगूं लागले कीं जुनी माती झटकून ताज्या मातींत, बेताच्या कुंडींत लावावें. बाहेर मात्र दंवाचें भय पुरतें टळल्यावर, बहुधा मेअखेर किंवा जूनच्या आरंभीं ठेवावें, आणि तेंहि पहिले आठ दिवस दिवसां बाहेर, रात्रीं आंत, असें संवयीनें.

हा मजकूर छापखान्यांत देण्याच्या आदल्या आठवड्यांत आमच्या विद्यार्थिनीचें पत्र आलें. कुंडींतील झाड तिनें मोटारीच्या खोलींत ठेवलें होतें. वरचा भाग वाळला आहे. पण त्याखालीं चार बोटांवर साल हिरवी लागली. दोन छाट कलमांपैकीं एक कुजलें, एक लागलें आहे. कुंपणाशीं असलेल्या झाडास मात्र अद्याप कांहींच हालचाल नाहीं, आणि तिचे पति तें काढून त्या जागीं दुसरें कांहीं लावावें असें म्हणत आहेत. काटक फ्यूशिया कित्येकदां मेअखेरपर्यंत जमिनीबाहेर तोंड काढीत नाहीं, तोंवर कुदळ लावूं देऊं नकोस, असें आम्हीं कळविलें आहे. हिरवी साल दिसली त्याच दिवशीं ती वृद्धाश्रमांत जाऊन बाईंस सांगून आली. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें, आणि एवढेंच विचारलें, "पाणी फार घालीत नाहींस ना?"